विमानाचा रंग आणि रंगाऱ्याचा श्वास

खासगी जेट विमान घेणाऱ्याचे इंजिन, पल्ला, आतल्या आसनांचे चामडे असे सगळे ठरले की एक सोपा वाटणारा प्रश्न उरतो. बाहेरून रंग कोणता द्यायचा? टेबलावर रंगवलेल्या पत्र्यांचे छोटे नमुने मांडले जातात, संगणकाच्या पडद्यावर विमान उलटसुलट फिरवून दाखवले जाते. कुणाला कंपनीच्या बोधचिन्हातला लाल हवा असतो, कुणाला शेपटीवर सोनेरी पट्टा, कुणाला अख्खे विमान काळेभोर. घराला रंग काढताना आपल्याकडे जेवढा खल होतो, तेवढाच इथेही होतो.

फरक एवढाच की घराची भिंत ताशी आठशे किलोमीटर वेगाने धावत नाही. भर उन्हात तापलेल्या धावपट्टीवरून उठून अर्ध्या तासात उणे पन्नास अंशांच्या थंडीतही ती जात नाही. विमानाचा रंग हा त्याचा पोशाख नसतो, ती त्याची कातडी असते. कातडीसारखेच तिला ऊन, पाऊस, गंज, वीज यांच्याशी झुंजावे लागते. ही कातडी चढवणारा आणि उतरवणारा माणूस मात्र त्या झगमगाटात कुठेच दिसत नाही. विमानाच्या रंगाची निवड ही आरोग्याचीही गोष्ट का आहे, ते त्याच्यामुळे कळते.

राष्ट्राध्यक्षांनाही नडलेला निळा

विमानाच्या रंगाची सगळ्यांत गाजलेली निवड १९६२ मधली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यासाठी बोइंग ७०७ जातीचे नवे विमान येणार होते. हवाई दलाने आखलेली रंगसंगती रेमंड लोई या नामवंत औद्योगिक संकल्पनकाराला भडक वाटली. त्यांनी स्वतः नवे आराखडे काढून दाखवले. केनेडींनी त्यातला निळा निवडला. पांढरा माथा, दोन छटांचा निळा आणि पोटाकडे चकचकीत उघडा धातू असा तो थाट होता. ‘एअर फोर्स वन’ म्हटले की आजही डोळ्यांसमोर येते ते हेच रूप.

पुढे या ताफ्यासाठी नव्या ७४७ विमानांची तयारी सुरू झाली, तेव्हा २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी लाल, पांढरा आणि गडद निळा असा आराखडा जाहीरपणे दाखवला. २०२२ मध्ये अमेरिकी हवाई दलाने उष्णतेच्या अभ्यासाचा हवाला देऊन एक अडचण सांगितली. त्या आराखड्यातल्या गडद निळ्यामुळे काही परिस्थितीत विमान जास्त तापेल आणि त्यामुळे विमानातल्या अनेक भागांच्या चाचण्या नव्याने कराव्या लागतील. २०२३ मध्ये जो बायडेन यांनी केनेडींच्या वळणाचा फिकट निळा निवडला. पुढे सरकार बदलले, तशा आवडीनिवडीही पुन्हा बदलल्या. तो राजकारणाचा भाग झाला. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की जगातल्या सर्वांत शक्तिशाली खुर्चीवरच्या माणसाच्या आवडीलाही उष्णतेच्या गणितातून सुटका नव्हती.

उन्हाचे गणित

हे गणित आपण रोज अनुभवतो. मे महिन्यात काळ्या मोटारीच्या टपावर हात टेकवला की चटका बसतो, शेजारच्या पांढऱ्या गाडीवर तो सहन होतो. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. ते बहुतांश सूर्यप्रकाश विखरून परत पाठवतात. काळा रंग जवळपास सगळा पिऊन टाकतो. भर उन्हात उभ्या असलेल्या दोन पत्र्यांच्या तापमानात यामुळे वीस-तीस अंशांचा फरक सहज पडू शकतो.

अॅल्युमिनियमच्या विमानाला एवढी उष्णता सोसते. त्रास होतो तो आतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला, वातानुकूलनाला आणि बसणाऱ्यांना. पण तंतू आणि रेझिन यांच्या मिश्र पदार्थापासून बनवलेल्या विमानाची गोष्ट वेगळी आहे. रेझिन म्हणजे एक प्रकारचा घट्ट झालेला डिंकच. ठरावीक तापमानाच्या पुढे तो मऊ पडू लागतो आणि ताकद घटते. काचतंतूंची बहुतेक ग्लायडर विमाने पांढरीशुभ्र दिसतात ती याचमुळे. ५४ अंश सेल्सिअसपर्यंत रचना मजबूत राहील, अशा हिशेबाने ती प्रमाणित केलेली असतात. उन्हात येणारा पृष्ठभाग पांढराच ठेवावा, अशी सूचना त्यांच्या पुस्तिकेतच असते.

म्हणजे गडद रंग अशक्य आहे का? तसे नाही. न्यूझीलंडच्या विमान कंपनीने २०१४ मध्ये आपले बोइंग ७८७ संपूर्ण काळ्या रंगात आणले. तेही मिश्र पदार्थाचेच आहे. पण त्याचे रेझिन मोठ्या दाबभट्टीत सुमारे १८० अंशांवर पक्के केलेले असते, त्यामुळे ते अधिक उष्णता सोसते. गडद रंगाला बंदी नाही, पण तो परवडतो हे आधी सिद्ध करावे लागते. होंडाजेट किंवा सिरस व्हिजन जेट यांसारख्या छोट्या जेटचे धडही मिश्र पदार्थाचे असते. अशा विमानाच्या मालकाने रंगांच्या नमुन्यांआधी निर्मात्याची पुस्तिका उघडावी, हे बरे.

उष्णतेपुढे जाहिरातीलाही कसे नमावे लागले, याचा किस्सा १९९६ चा. एका शीतपेयाच्या प्रचारासाठी एअर फ्रान्सचे एक कॉन्कॉर्ड निळे रंगवले गेले. कॉन्कॉर्ड आवाजाच्या दुप्पट वेगाने उडे. हवेच्या घर्षणाने आणि दाबाने त्याचे नाक सव्वाशे अंशांच्या घरात तापे आणि सगळे धड उड्डाणात जवळपास वीतभर लांब होई. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याला खास पांढरा रंग दिलेला असे. निळ्या विमानाचे पंख मात्र पांढरेच ठेवावे लागले, कारण इंधन पंखांत होते. शिवाय त्या विमानाने पूर्ण वेगात वीस मिनिटांपेक्षा जास्त राहू नये, अशी सूचना देण्यात आली. थोड्याच दिवसांत ते पुन्हा पांढरे झाले.

अडीचशे किलोंचा थर

रंगाला वजन असते, हे आपण सहसा विसरतो. डबा उचलताना ते जाणवते, भिंतीवर चढल्यावर नाही. बोइंग ७४७ सारख्या मोठ्या विमानावरच्या रंगाचे वजन सुमारे २५० किलो भरते. अमेरिकेच्या अंतराळयानाची, स्पेस शटलची, इंधनाची अजस्र टाकी १९८१ मधल्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी होती. नंतर ती नुसत्या फोमच्या तांबूस-नारिंगी रंगातच सोडून दिली गेली. एवढ्याने सुमारे २७० किलो वजन वाचले.

मग विमान रंगवायचेच कशाला? अमेरिकन एअरलाइन्सची विमाने अनेक दशके चकचकीत उघड्या धातूचीच होती. पण उघडा धातू वरचेवर घासूनपुसून चमकवावा लागतो, नाही तर गंज शिरतो. त्या मेहनतीत इंधनाची बचत वाहून जाते. शिवाय नव्या विमानांतल्या मिश्र पदार्थाला चमकवता येत नाही. २०१३ मध्ये त्या कंपनीनेही रंगाची वाट धरली.

छोट्या जेटमध्ये रंगाचे एकूण वजन कमी, पण ते कुठे बसते याला फार महत्त्व असते. शेपटीवरच्या आणि पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या फळ्यांवर विमानाचे नियंत्रण असते. या फळ्या बिजागरीभोवती तोललेल्या असतात. जुना रंग न काढता त्यांच्यावर नवा थर चढवला की हा तोल बिघडतो आणि वेगात फळी फडफडू लागते. अशी फडफड काही सेकंदांत शेपटी मोडू शकते. म्हणून रंगकामानंतर या फळ्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो आणि त्याची नोंद ठेवावी लागते.

विमानाच्या नाकात हवामानाचे रडार असते. तिथे धातूची भुकटी मिसळलेला झगमगता रंग चालत नाही, कारण रडारच्या लहरी त्यात अडतात. साधा रंगही फार जाड झाला तर लहरी क्षीण होतात. पंखांच्या पुढच्या कडा आणि इंजिनाच्या तोंडाची कड अनेक जेटवर उघड्या धातूचीच असते. पाऊस आणि धुळीच्या माऱ्याने तिथला रंग टिकत नाही आणि बर्फ वितळवण्यासाठी त्या आतून तापवल्या जातात.

धडाच्या बाजूला हवेचा दाब मोजणारी बारीक छिद्रे असतात. उंची आणि वेग दाखवणारी यंत्रे त्यांच्यावर अवलंबून असतात. रंगवताना किंवा धुताना ती चिकटपट्टीने झाकतात आणि नंतर पट्टी आठवणीने काढतात. ती विसरली तर काय होते, हे पेरूच्या लिमा शहराजवळ २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री दिसले. एअरोपेरूच्या बोइंग ७५७ ची सफाई करताना छिद्रांवर लावलेली पट्टी तशीच राहिली. अंधारात, समुद्रावर, वैमानिकांना खरी उंचीच कळेना. विमानातले सत्तरही जण मृत्युमुखी पडले.

जुना रंग उतरवताना

नवा रंग देण्यापेक्षा जुना काढणे अवघड असते. धारदार पात्याने रंग किंवा सांध्यातले भरण खरवडले, तर धातूवर डोळ्यांना जेमतेम दिसणारा ओरखडा उठतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचे धड फुगते आणि आकसते. हजारो वेळा असे झाल्यावर त्याच ओरखड्यापासून तडा सुरू होऊ शकतो. म्हणून अशा जागी लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाती वापरतात.

मिश्र पदार्थावर आणखी एक नाजूक बाब असते. तो धातूसारखी वीज वाहून नेत नाही. त्यामुळे रंगाखाली तांब्याची पातळ जाळी बसवलेली असते. वीज पडली की ती तिच्यातून पसरून निघून जाते. २०२० मध्ये कतार एअरवेजने विश्वचषक फुटबॉलनिमित्त नवे रंग देण्यासाठी आपले एक एअरबस ए ३५० आयर्लंडला धाडले. तिथे त्याच्या पृष्ठभागावरच्या तडकलेल्या रंगाचा प्रश्न समोर आला. खालची जाळीही बिघडली आहे, म्हणून हा सुरक्षेचा प्रश्न आहे, असे कंपनी म्हणाली. उड्डाणाला धोका नाही, असे एअरबस म्हणाली. युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेलाही धोका आढळला नाही. लंडनच्या न्यायालयात गेलेला हा वाद २०२३ च्या फेब्रुवारीत तडजोडीने मिटला. एका क्रीडास्पर्धेसाठी रंग बदलायला निघालेले विमान दोन बड्या कंपन्यांना कोर्टात घेऊन गेले.

हिरवट पिवळ्या थराची किंमत

आता रंगाऱ्याकडे वळू. विमानाच्या धातूवर सर्वांत आधी प्रायमर चढतो. परंपरेने तो हिरवट पिवळा असतो, कारण त्यात स्ट्रॉन्शियम क्रोमेट असते. मुंबईसारख्या खाऱ्या, दमट हवेत उभ्या राहणाऱ्या विमानाला गंजापासून वाचवण्यात याचा हात धरणारे रसायन सहज सापडत नाही. रंगावर ओरखडा पडला तरी थरातले क्रोमेट ओलाव्यात थोडे थोडे विरघळून उघड्या पडलेल्या धातूपर्यंत पोचते आणि जणू जखमेवर खपली धरते.

हाच गुण माणसाच्या मुळावर येतो. हे क्रोमियम ‘सहा संयुजे’चे असते. फवारणीच्या धुक्यातून किंवा जुना रंग घासताना उडणाऱ्या धुळीतून ते श्वासात जाते आणि पेशींत शिरून जनुकांना इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. धोका मुख्यतः फुप्फुसांचा. आज घेतलेल्या श्वासाचा हिशेब अनेक वर्षांनी पुढे येतो, तोवर रंगाऱ्याने नोकरीही बदललेली असते.

अमेरिकेने २००६ मध्ये कामाच्या जागी हवेतल्या या क्रोमियमची मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. पण विमाने आणि त्यांचे मोठे भाग रंगवण्याच्या कामासाठी एक वेगळी तरतूद केली. तिथे हवा खेचून घेणाऱ्या यंत्रणेने प्रमाण २५ पर्यंत आणावे आणि उरलेले संरक्षण मास्कने द्यावे. एवढ्या मोठ्या हँगरमध्ये नुसत्या पंख्यांनी काम भागत नाही, याचीच ही कबुली होती. रंगारी आणि कर्करोग यांच्यामध्ये मग उरतो तो एक मास्क. युरोपात २०१९ पासून स्ट्रॉन्शियम क्रोमेटचा वापर खास परवानगीशिवाय करता येत नाही. क्रोमेट नसलेले प्रायमरही बाजारात आले आहेत आणि त्यांचा वापर वाढतो आहे.

वरचा चकचकीत थर पॉलियुरेथेनचा. तो दोन डब्यांतून येतो आणि दुसऱ्या डब्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. हे नाव भारतीयांनी १९८४ मध्ये भोपाळमध्ये ऐकले. तिथला मिथाइल आयसोसायनेट हा वायू याच कुळातला, पण कितीतरी जास्त उडनशील आणि विषारी. रंगातले आयसोसायनेट तसे वायुरूपात पसरत नाही. मात्र फवारणीच्या बंदुकीतून त्याचे बारीक धुके होते आणि ते छातीत जाते.

व्यवसायामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत आयसोसायनेटची गणना होते. ते शरीराला ‘चिडवून’ ठेवते. काही महिने, काही वर्षे काहीच होत नाही. मग एक दिवस प्रतिकारशक्ती वैर धरते आणि त्यानंतर अगदी अल्पसा अंशही दम्याचा झटका आणू शकतो. असा माणूस मग त्या कामावर राहू शकत नाही. या रसायनाचा वास धोक्याच्या पातळीच्या बराच पुढे गेल्यावर जाणवतो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. चांगल्या हँगरमध्ये रंगाऱ्याला बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि अंगभर पोशाख देतात, कारण त्वचेवाटेही शरीर चिडू शकते.

जुना रंग विरघळवणारे मेथिलीन क्लोराइड हे या साखळीतले तिसरे रसायन. त्याची वाफ बंदिस्त जागेत भोवळ आणते, आणि शरीरात गेल्यावर त्याच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होते. अमेरिकेने २०२४ मध्ये मोजके अपवाद वगळता त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बेन्झाइल अल्कोहोलवर आधारलेले पर्याय आज उपलब्ध आहेत. ते संथ आहेत, पण सुरक्षित आहेत.

इथे मालकाची निवड आणि रंगाऱ्याची छाती यांची गाठ पडते. प्रत्येक जादा पट्टा म्हणजे पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा फवारणी, पुन्हा धुके. उंचावर अतिनील किरणे प्रखर असतात. तिथे गडद लाल-निळ्या छटांचे फिकटणे लवकर नजरेत भरते, म्हणजे पुन्हा खरवडणे आणि पुन्हा रंगवणे लवकर येते. याउलट पांढरी पार्श्वभूमी, थोडे रंग आणि चिकटवता येणाऱ्या फिल्मची अक्षरे घेतली तर वजन, ताप आणि धुके तिन्ही कमी होतात. विद्युतभारित फवारणीत रंगाचे कण पृष्ठभागाकडे ओढले जातात, त्यामुळे हवेत कमी उडतात.

आपल्या गल्लीतले हँगर

खासगी जेट आपल्यापैकी कुणी घेणार नाही. पण हाच दोन डब्यांचा रंग आपल्या अवतीभवती आहे. अपघातात चेपलेल्या मोटारीचा दरवाजा रंगवणारे कोपऱ्यावरचे गॅरेज आणि लाकडी फर्निचरवर पीयू पॉलिश मारणारा कारागीर हेच हार्डनर वापरतात. तिथे नळीची हवा नसते. बहुतेक वेळा तोंडाला रुमाल बांधलेला असतो. रुमालाने रंगाचे थेंब अडतात, आयसोसायनेट अडत नाही.

घरात पीयू पॉलिश चालू असेल, तर फवारणीच्या वेळी आणि रंग पुरता वाळेपर्यंत मुलांना, ज्येष्ठांना आणि दम्याच्या रुग्णांना दुसरीकडे ठेवावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पूर्ण वाळून घट्ट झालेल्या थरापासून भीती नाही, मात्र तो घासताना उडणारी धूळ टाळावी. ओळखीतल्या रंगाऱ्याला संध्याकाळी किंवा रात्री खोकला, छातीत घरघर होत असेल आणि सुट्टीच्या दिवशी बरे वाटत असेल, तर ‘धुळीची अॅलर्जी’ म्हणून सोडून देऊ नये. छातीच्या डॉक्टरांना भेटावे आणि आपण काय फवारतो हे त्यांना आवर्जून सांगावे. शक्य तर डब्यावरचे लेबल सोबत न्यावे. हा दमा जितक्या लवकर ओळखला जातो आणि त्या धुक्यापासून माणूस जितक्या लवकर दूर होतो, तितकी फुप्फुसे सावरण्याची शक्यता जास्त.

विमान रंगवायला देणाऱ्याने हँगरमालकाला चार प्रश्न विचारावेत. प्रायमर क्रोमेटचा आहे की बिनक्रोमेटचा? रंगाऱ्यांना श्वासासाठी हवा कुठून मिळते? जुना रंग कशाने काढणार? हलत्या फळ्यांचा तोल तपासल्याचा कागद मिळेल का? यांची उत्तरे सरळ मिळाली, तर छटा कोणतीही निवडावी. आपण मोटार किंवा कपाट रंगवायला देतो तेव्हा यातला निदान दुसरा प्रश्न आपल्यालाही विचारता येईल. त्याला पैसे पडत नाहीत. चांगल्या मास्कला पडतात, आणि ते बिलात दिसले तर घासाघीस करू नये.